पुलीच्या शोधात कोल्हापूर

कोल्हापूरला जाऊन आलेला माणूस अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांच्याबद्दल सांगतो. आम्ही मात्र तिथे गेलो ते एका फुटक्या पुलीपायी, आणि शिवाजी उद्यमनगर सोडून फारसे कुठे हललोच नाही. (रस्सा खाल्ला, खोटं कशाला बोला!)

पुली होती सावंतवाडीच्या एका कातारीकाकांची. सावंतवाडीची लाकडी फळं तुम्ही पाहिली असतील. ती लेथवर होतात. लाकूड गरगर फिरतं, त्याला पटाशी टेकवली की ढलप्या उडतात आणि बघता बघता आंबा तयार! काकांचा लेथ त्यांच्या वडिलांनी घेतलेला, विलायती. तो बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलीय. पुलीला तीन पायऱ्या. पट्टा लहान पायरीवर टाकला की लेथ जोरात फिरतो, मोठीवर टाकला की सावकाश. नेमकी मोठीच फुटली. छोटी फळं होत होती, पण पोळपाटासारखं मोठं काम बंद. मोठं लाकूड जोरात फिरवलं आणि सुटलं, तर थेट कपाळावर! आणि मे महिन्याचं गिऱ्हाईक तर तोंडावर आलेलं.

"नवा लेथ घ्या," असं सगळे सांगत होते. पण लाकूड पकडायच्या वीसेक वाट्या काकांनी स्वत: बनवल्या होत्या. त्या लेथच्या दांड्यावर आट्यांनी बसतात. दांडा 1 इंच जाड, इंचाला 12 आटे, आणि आट्यांचा कोन 55 अंश. हा कोन जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं 1841 साली सुचवला. मिलिमीटरच्या आट्यांचा कोन असतो 60 अंश. तसल्या नव्या लेथवर एकही वाटी चढली नसती.

मग काय, पुली पिशवीत घातली, आंबोली घाट चढलो आणि आजऱ्यावरून कोल्हापूर गाठलं.

उद्यमनगरात शिरलात की आधी कानाला कळतं. घणाचे ठोके, ग्राइंडरची किरकिर आणि मध्येच चहावाल्याची हाक. इथे पूर्वीपासून शेतकऱ्यांच्या पंपांसाठी ऑइल इंजिनं बनायची, त्यामुळे लोखंड ओतणारे हात तयार झाले. एका मिस्त्रींनी पुली उलटीसुलटी करून पाहिली.

"काका, वेल्डिंग मारून देणारे लई भेटतील. पण हे ओतीव लोखंड हाय. शेजारी तडा जाईल. नवीनच ओतूया की!"

ओतायची म्हणजे आधी लाकडी फर्मा हवा. आणि इथे खरी गंमत आहे. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटाला सुमारे पाव इंचाच्या निम्मं. म्हणून फर्मा करणाऱ्याची फूटपट्टीच मुळात तेवढी लांब असते! शिवाय नंतर कातून काढायला जास्तीचं लोखंड लागतं. आपली मोठी पायरी 6 इंचांची, तर फर्मा किती इंचांचा? आकसण्यापोटी 1/16, कातण्यापोटी दोन्ही बाजूंचे मिळून 1/4. करा बेरीज.

फर्मा करणाऱ्याकडे लाकडाचा लेथ होताच. काका थोडा वेळ गप्प बघत राहिले, मग म्हणाले, "मी कातू का?" त्यांनी स्वत:च पटाशी धरली. फर्म्याला किंचित उतार दिला, म्हणजे तो वाळूतून अलगद निघतो. दुकानातली पोरं काम सोडून त्यांचा हात बघत उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ओल्या वाळूत फर्मा दाबून साचा झाला, मधल्या भोकासाठी वाळूचाच दांडा ठेवला आणि लालभडक रस ओतला. लांबूनही तोंड भाजत होतं. पुढची कामं वेगवेगळ्या दुकानांत. एकानं भोक मापात आणलं, दुसऱ्यानं चावीची खाच पाडली, तिसऱ्यानं पट्ट्याच्या खाचा कातल्या. शेवटी पुली दांड्यावर चढवून दोन धारांवर ठेवली. जड बाजू आपोआप खाली येते. तिथलं थोडं लोखंड खरवडलं, पुन्हा ठेवली, पुन्हा खरवडलं. चौथ्या वेळी पुली जशी ठेवली तशी राहिली.

फर्मा काकांनी घरी नेला नाही. त्यावर खडूनं 'सावंतवाडी' लिहून मिस्त्रींनी तो माळ्यावर ठेवला, उसाच्या चरकाच्या एका धुळकट फर्म्याशेजारी.