किल्ल्यातली देवघेव

सुट्टीत कुठे जायचे यावर आमच्या घरी दरवर्षी वाद होतो. यंदा हिने निकाल दिला, "नगरला." कारण ऐतिहासिक नव्हते. तिथल्या बालमैत्रिणीशी हिचा करार झाला होता. मैत्रिणीने हिला गोधडी शिवायला शिकवायचे, हिने मैत्रिणीला क्रोशाची लेस. पैशाचा प्रश्नच नव्हता. प्रवासभर दोऱ्यांच्या गुंड्यांची पिशवी माझ्या मांडीवर! "रिकामपणाचे उद्योग," मी म्हणालो. ही काही बोलली नाही. खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुपारी त्या दोघी चिंध्या पसरून बसल्या आणि मी भुईकोट किल्ल्याकडे निघालो. शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण रिक्षावाल्याला 'किल्ला' एवढे पुरते. रुंद खंदक, मागे काळा दगडी तट. १५९५ साली मोगलांनी वेढा घातला तेव्हा चांदबीबीने हाच किल्ला झुंजवला. आज तो सैन्याच्या ताब्यात आहे.

माझे पाय मात्र अडखळले ते कैद्यांच्या खोल्यांपाशी. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत धरलेले काँग्रेस कार्यकारिणीचे बारा पुढारी इथे आणून ठेवले होते. नेहरू आणि मौलाना आझाद, वल्लभभाई आणि पंत, आचार्य नरेंद्र देव आणि आपले शंकरराव देव! सुटका कधी, कोणालाच ठाऊक नव्हते. एप्रिल १९४३ मध्ये आझादांच्या पत्नी कलकत्त्यात वारल्या; मौलाना या तटाच्या आतच होते. धाडता न येणारी पत्रे ते इथे लिहीत राहिले.

मग या मंडळींनी दिवस काढले कसे? नेहरूंनी कुदळ घेतली आणि दगडगोट्यांच्या जमिनीत फुलांचे वाफे केले. आणि बाराही जणांनी आपापली पोतडी सोडली. संस्कृत, पाली, अरबी, फारसी. शिवाय हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, मराठी, तेलुगू, सिंधी, उडिया! ज्याच्यापाशी जे होते ते त्याने दुसऱ्यापुढे ठेवले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत नेहरूंनी इथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. त्याच्या प्रस्तावनेत या देवघेवीचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे. आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांची नावे तर मुद्दाम घेतली आहेत. ग्रंथ अर्पण केला आहे तोही या सोबत्यांनाच.

मी वीस वर्षे वर्गात बोलतो आहे. तास संपला की खडू खाली ठेवतो. बदल्यात कोणाकडून काय शिकलो, हे मला तिथे उभे राहून आठवेना.

परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. गोधडीचा एक कोपरा पुरा झाला होता. लेस वीतभर झाली होती. हिच्या बोटाला सुई टोचलेली, पण चेहरा पाहण्यासारखा. मी शेजारी बसलो.

"मलाही धावदोरा शिकव."

हिने चष्म्यावरून पाहिले. "शिकवीन. पण तुम्ही मला काय द्याल?"

उत्तर अजून शोधतो आहे. येताना पिशवी मात्र मी आपण होऊन मांडीवर घेतली.