कुंदगोळचे दोन शिष्य

यशवंतपूरहून हुबळीस जाणाऱ्या लोहमार्गावर कुंदगोळ हे लहानसे स्थानक लागते. सवाई गंधर्वांकडे शिकण्यासाठी गंगूबाई हनगल हुबळीहून तेथे आगगाडीने जात. भीमसेन जोशी तर १९३६ च्या सुमारास गुरुगृहीच राहावयास गेले. तोडी, मुलतानी, पुरिया अशा मोजक्याच रागांचा अखंड रियाज!

आमच्या कन्येला मात्र दोन वर्षांतच पलट्यांचा वीट आला आहे. ‘मला माझे गाणे गायचे आहे,’ असे ती म्हणते. हे मी हसण्यावारी नेत नाही. घोटून घोटून गुरूची नुसती प्रतिकृती होणारेही पुष्कळ असतात. परंतु गंगूबाईंचा तो खर्जाकडे झुकलेला धीरगंभीर स्वर आणि भीमसेनांची मेघासारखी गर्जणारी तान! तालीम एकाच घरची. पण एकाचे गाणे दुसऱ्याचे वाटेल काय?

शिकवणी पुढे चालवावी की नाही, हे तिनेच ठरवावयाचे आहे. तूर्त दोघांच्याही ध्वनिमुद्रिका तिच्या हाती दिल्या आहेत.