दहा वर्षांचा पाऊस

पिशोरच्या माणसाची आंबोलीला बदली करणे म्हणजे जन्मभर उपास काढलेल्याला पंगतीत बसवून उठूच न देणे. आमच्या कन्नड तालुक्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही पडला तर! आंबोलीत सुमारे सात हजार. दहा वर्षांची ठेव एका चौमासात हातात, आणि ठेवायची कुठे?

पावसाळ्यात खिडकीतून धुकं आत येतं. खातेदार येत नाहीत. मुळात माणसंच थोडी, घरं लांबलांब. चपलांवर बुरशी, काड्यापेटी चुलीच्या उबेला. हिरण्यकेशीच्या कुंडातल्या एका चिमुकल्या माशासाठी मात्र सरकारने २०२१ साली ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवली. त्याची बदली होत नाही, एवढे मी हेव्याने नोंदवतो.

रात्री पिशोरहून आबांचा फोन. तब्येत नाही, पगार नाही, ''किती पडला?'' पाच इंच असेल तर मी अर्धा सांगतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसाला खरा आकडा सांगायला जीभ रेटत नाही. एवढी तूट मी बँकेत कधी येऊ दिलेली नाही!

परवा मका वाळत चालल्याचे सांगून म्हणाले, ''पोळ्याला येशील ना? कपडे वाळवू नको. तसेच आण, वावरात पिळू.''