ताईची प्रार्थना

पणजीहून रजा टाकून चलथाणला ताईकडे आलोय. साखर कारखान्याचं गाव. भाऊजींची दारू तिसऱ्यांदा सुटली अन् तिसऱ्यांदा लागली. रात्री ताई प्रार्थनेला बसते. मीही बसतो, पण शब्द फुटत नाहीत.

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. दुष्काळात आईवडील गेले, १८८०मध्ये भाऊ, १८८२मध्ये नवरा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण चर्चवाल्यांशी वाद घालायचं सोडलं नाही. (मला त्या आवडतात त्या यासाठीच!) १९२१मध्ये एकुलती मनोरमा गेली. तरी बायबलचं मराठी भाषांतर पुरं करूनच १९२२मध्ये त्यांनी डोळे मिटले.

श्रद्धा असली की मन शांत होतं म्हणतात. ताईचं काही झालेलं दिसत नाही. आमेन म्हणून ती उठली आणि भाऊजींचं ताट झाकून ठेवलं.