एका मिनिटाचा थांबा

हातखंब्याला रेल्वे आहे, स्टेशन नाही. तिठ्यावरून एक रस्ता मुंबईला, एक गोव्याकडे आणि एक रत्नागिरीत उतरतो. गाडी मात्र आमच्या डोक्यावरून जाते. जवळच पानवलचा पूल आहे. उंची चौसष्ट मीटर, म्हणजे कुतुबमिनारापेक्षा थोडीच कमी, आणि लांबी चारशे चोवीस मीटर. बांधला तेव्हा तो देशातला सर्वात उंच रेल्वे पूल होता. दरीत परांची न बांधता एका टोकाला काँक्रीटचे तुकडे ओतायचे आणि ते पुढे ढकलत न्यायचे, ही रीत आपल्या देशात इथेच प्रथम वापरली. आमच्यातले कितीतरी जण ते काम पाहायला भाकरी बांधून जात.

आमच्या आधीच्या पिढीने मुंबईच्या वाटेवर बोटीचे डेक पाहिले, आम्ही एस.टी.ची रातराणी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या सबंध मार्गावर गाडी सुरू झाली तेव्हा मोहल्ल्यातल्या ज्या घरांतून माणसे कुवेत, दुबई, बहरीनला होती, तिथे अधिक आनंद होता. सहार विमानतळ एकदम जवळ आला असे वाटले.

हातखंब्याच्या माणसाला रत्नागिरी स्टेशन रिक्षाने गाठता येते. प्रश्न आहे तो आतल्या गावांचा. त्यांचे स्टेशन म्हणजे निवसर, आडवली, विलवडे, किंवा वर उत्तरेला भोके, उक्षी. ही स्टेशने माणसांसाठी झाली असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. खरे कारण वेगळे. मार्ग एकेरी. (रोहा ते वीर एवढाच टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला.) समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला ठरावीक अंतरावर जास्तीचा रूळ लागतो. तो रूळ जिथे पडला तिथे स्टेशन झाले. आपली पॅसेंजर त्या बाजूच्या रुळावर उभी करतात, मांडवी किंवा नेत्रावती धडधडत निघून जाते, मग आपल्याला सिग्नल. आरवली आणि संगमेश्वर यांच्यामध्ये कडवईचे स्टेशन झाले तेही मार्गावर अधिक गाड्या मावाव्यात म्हणून केलेल्या नव्या स्टेशनांपैकी एक. गावाला त्यातून गाडी मिळाली, हे चांगलेच झाले. कारण कोणतेही असो.

याहून लहान तो हॉल्ट. तिथे जास्तीचा रूळ नाही, सिग्नल नाही, स्टेशनमास्तर नाही. पिवळी पाटी, एखादी शेड, आणि कमिशनवर तिकिटे विकणारा गावातलाच कोणीतरी. गाडी थांबवायची ती ड्रायव्हरने आणि सोडायची ती गार्डने. पावसाळी वेळापत्रक लागले की गाड्या हळू चालतात. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ दरडीने जे झाले ते आठवले की त्या हळू चालण्याबद्दल कुणी कुरकुरत नाही. पण अंधारात, शेडच्या गळक्या कोपऱ्यात, गाडी किती मागे आहे हे सांगणारे एकही माणूस नसते. आता पोरे मोबाईलवर पाहून सांगतात. रेंज असली तर.

आमची चाची अशाच एका स्टेशनाजवळच्या वाडीत राहते. दर तीन महिन्यांनी तिला डोळ्यांच्या औषधासाठी मुंबईला न्यावे लागते. फलाट रुळाच्या जवळजवळ बरोबरीने, डब्याचे दार चार फुटांवर, थांबा एका मिनिटाचा. पहिली पायरीच तिच्या कमरेला लागते. खालून दोघांनी उचलायचे, वरून एकाने बगलेत हात घालून ओढायचे. चाचीला याची फार लाज वाटते. ‘अरे, गोण आहे का मी?’ म्हणते, आणि मग ठाण्यापर्यंत बोलत नाही. चौसष्ट मीटर उंच पूल बांधणाऱ्या देशाला हे चार फूट अवघड असतील असे आम्हाला वाटत नाही. पुलाला पाहणारे फार असतात, एवढेच.

आणखी एक गोष्ट झाली. पूर्वी रत्नागिरीची पॅसेंजर दादरपर्यंत जाई. करोनाच्या साथीनंतर ती दिव्यापर्यंतच धावू लागली. दिव्याला सामानासकट उतरा, जिना चढा, गच्च भरलेल्या लोकलमध्ये शिरा. तरण्या माणसाचेही हाल होतात.

मागल्या वर्षी सुताराकडून एक लाकडी स्टूल करून घेतले. दोन पायऱ्यांचे, रुंद, खाली रबर ठोकलेले. गाडी दिसली की एकाने ते धरून उभे राहायचे, डबा पुढेमागे थांबला तर घेऊन पळायचे. चाची आता स्वतः चढते, बुरखा सावरत, कुणाचा हात न धरता. गाडी सुटली की स्टूल खांद्यावर टाकून आम्ही घरी आणतो. वाडीत ते कळले आहे. परवा बौद्धवाडीतून एक जण बाळंतिणीसाठी मागून घेऊन गेला, आणि गणपतीत चाकरमान्यांच्या आयांसाठी त्याची पाळी लावावी लागली.