मी येथें आहें

‘गाडी कोठवर आली?’ हा प्रश्न भुसावळच्या माणसाच्या जिभेवर जन्मापासून रुळलेला असतो. एक वाट नागपूरकडे, दुसरी इटारसीकडे, तिसरी मुंबईकडे. आणि या वाटांवर घरोघरचें कोणी ना कोणी सदैव फिरत असतें. तरीही निघणाऱ्या माणसास ‘कोठें?’ म्हणून विचारूं नये, हा आमच्या घरचा जुना दंडक. त्यामुळें हौशी रेडिओचा परवाना मिळविलेल्या आमच्या पुतण्यानें गच्चीवर एरियल उभारून, “काका, वाटसरू आपण होऊन आपला ठिकाणा सांगतील,” असें म्हटलें, तेव्हां आम्हांस कौतुकापेक्षां संशयच अधिक वाटला.

या पद्धतीस एपीआरएस म्हणतात. अमेरिकेंतील नौदल अकादमींत काम करणारे बॉब ब्रुनिंगा यांनीं तिचा पाया घातला. १९८४ मध्यें शंभर मैलांच्या शर्यतींतील घोडे कोठवर आले, हें कळविण्यासाठीं त्यांनीं तिचें आरंभींचें रूप वापरलें. आतां वाटसरूच्या यंत्रास उपग्रहांवरून आपली जागा कळते. तें यंत्र आपलें संकेतनाम व ती जागा यांची चिमुकली पुडी बांधून ठराविक वेळानें आकाशांत सोडून देतें. ज्या ग्राहक स्थानकास इंटरनेटची जोड आहे, त्यानें ती टिपली कीं जगाच्या नकाशावर एक ठिपका उमटतो.

हा ठिपका कोणासही दिसतो, आणि आमचा संशय येथेंच होता. परंतु खिशांतला मोबाइल आपला ठिकाणा कोणाकोणास कळवितो, याचा आपणांस पत्ताही नसतो. रेडिओवाला निदान स्वतःच्या संकेतनामानें उघड सांगतो, आणि नको वाटेल तेव्हां कळ बंद करतो. चोरून पाहिलें जाणें वेगळें आणि आपण होऊन ‘मी येथें आहें’ म्हणणें वेगळें.

मात्र खरें मोल आम्हांस सांगणारापेक्षां ऐकणाराचें वाटतें. रेल्वेंत पुढच्या स्थानकानें ‘लाइन क्लियर’ दिल्यावांचून गाडी हलत नसे. तेथें हांकेस उत्तर होतें, आणि उत्तर देणारा पगारी होता. येथें पुडी अमुक एकास उद्देशून नसते, आणि ती टिपणारा आपल्या पदरचें वीजबिल भरून बसलेला असतो. शिवाय या लहरी बव्हंशीं नजरेच्या रेषेंतच जातात. सातपुड्याच्या दरींत शिरलेला वाटसरू नकाशावरून नाहींसा होतो. तो हरवलेला नसतो, तेथें त्याचें ऐकणारें कोणी नसतें. नकाशावरची कोरी जागा निर्जन समजूं नये, हा धडा आम्हीं यांतून घेतला.

२००४ च्या डिसेंबरांत त्सुनामीनें अंदमानाची दाणादाण उडविली, तेव्हां हौशी रेडिओच्याच कामासाठीं पोर्ट ब्लेअरला गेलेल्या भारती प्रसाद यांनीं आपल्या यंत्रावरून मुख्यभूमीशीं संपर्क साधला. त्यांच्या धैर्याचें कौतुक झालें, तें योग्यच होय. परंतु पलीकडे कोणी कान देऊन बसलें होतें, म्हणूनच त्यांचे शब्द पोहोंचले. त्या ऐकणारांचीं नांवें आपल्यापैकीं कितीकांस ठाऊक आहेत?

पुतण्या आतां नोकरीनिमित्त पुण्यास जाणार. त्याचें हें यंत्र बोलत नाहीं, केवळ ऐकतें. आणि दिवसचे दिवस त्याच्या कानीं एकही हांक पडत नाहीं. मग तें चालूं ठेवावें कशास, असा प्रश्न घरांत निघाला, आणि तो गैर नव्हता. परंतु वैशाखांत खानदेशच्या रस्त्यावर पाणपोई घालणारा, आज किती तहानलेले येतील, हें मोजून रांजण भरीत नाहीं. दुपारभर कोणी फिरकलें नाहीं, म्हणून रांजण पालथाही घालीत नाहीं. आम्हीं यंत्र चालूं ठेवण्याचें ठरविलें आहे.