उमेदवाराचे विद्यावेतन

सरकारी कागदांचे मराठी करण्यात ज्याचा दिवस जातो, त्याला एखादा शब्द अधूनमधून अडवून धरतो. अप्रेंटिसाला हिंदी कायद्यात ‘शिक्षु’ म्हटले आहे. आपण त्याला शिकाऊ उमेदवार म्हणतो. मला आपला शब्द अधिक भावतो, कारण त्यात उमेद आहे. त्याला मिळणाऱ्या ‘विद्यावेतना’त मात्र दोन शब्दांचे आपसांत पटत नाही. विद्येसाठी दक्षिणा द्यावी लागते आणि वेतनासाठी राबावे लागते. मग या मुलाने नेमके काय करायचे?

वाचकहो, हा शब्दच्छल नव्हे. नवी दिल्ली स्टेशनाच्या पश्चिमेस, पहाडगंजात, आमच्या गल्लीतील एका मराठी घरापुढे 2024 साली हाच प्रश्न उभा राहिला. दहावी झालेल्या मुलाला एका मोठ्या हॉटेलाच्या मुदपाकखान्यात वर्षभराची उमेदवारी मिळत होती, दरमहा 6,000 रुपयांवर. स्टेशनासमोरील एक लॉजवाला त्याला दुप्पट देण्यास तयार होता. वडील करारनामा घेऊन माझ्याकडे आले. “तुम्ही हे कागद रोज वाचता. यात पोराचं हित आहे का, तेवढं सांगा.”

तीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घ्यावेत, असे 1961 च्या कायद्याखालील नियम सांगतात. त्याहून लहान जागांवर सक्ती नाही. म्हणून आमच्या गल्लीबोळांतील लॉजांत पोरे शिकतात ती बिनकागदाची. ना करार, ना प्रमाणपत्र. सरकारचा पैसाही नोंदलेल्या करारामागूनच येतो. 2016 च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत ठरीव विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, 1,500 रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार सोसते. पूर्वी तो मालकाला परत मिळे. 2023 पासून थेट उमेदवाराच्या खात्यात जमा होऊ लागला. म्हणजे या मुलाचे 4,500 हॉटेलाचे, 1,500 सरकारचे.

करारातील कडू भागही मी त्यांना वाचून दाखविला. कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नव्हे, आणि वर्ष संपल्यावर त्याला नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. वडील बराच वेळ गप्प बसले. “मग सगळेच पैसे सरकारने का देऊ नयेत?” त्यांनी विचारले.

महाराष्ट्राने त्याच वर्षी तसे केले होते. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय व पदविकेला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये; सारे राज्याच्या तिजोरीतून. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा झाली आणि ती संपताच अनेकांनी कायम करण्याची मागणी केली. त्यांचे दुःख मला समजते. तरीही माझे मत असे, की ज्याच्या खिशातून काहीच जात नाही, त्याला शिकविण्याची घाईही नसते. हॉटेलाचे 4,500 मला म्हणूनच मोलाचे वाटले.

मुलगा हॉटेलात गेला. पहिले दोन महिने कांदे सोलण्यात आणि कणीक तिंबण्यात गेले. तिसऱ्या महिन्यात त्याला भट्टीपाशी उभे केले. करारनामा वडिलांनी गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला. पासबुक मात्र दर महिन्याला ते स्वतः बँकेत जाऊन भरून आणीत, आणि सरकारचे पंधराशे आले की नाही, हे मला जिन्यातच थांबवून दाखवीत.